लांडगा, हरीण आणि इंजिन : मिशिगनमध्ये नियम ठरताना लोकांचं कोण ऐकतं?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी मला विचारलं, की अमेरिकेतल्या एका राज्यातले शिकारीचे नियम आणि जंगलात गाड्या पळवायचे नियम, यांच्याशी आपलं काय देणंघेणं? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषयच जवळपास संपला. पण एक वाक्य आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरात: "या मसुद्यावर नागरिकांकडून हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत." पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा 2014 पासून 2024 पर्यंत सहा वेळा निघाला, आणि प्रत्येक वेळी साठ दिवसांची मुदत होती. आपण सूचना पाठवतो. मग तिचं काय होतं?

मिशिगनमध्ये मी काही वर्षं राहिलो. तिथे हा प्रवास उघड्यावर चालतो, म्हणजे कागद कुठून कुठे जातो हे बाहेरच्या माणसालाही बघता येतं. जिथे तो अडतो तेही दिसतं. म्हणून हे उदाहरण घेतलं.

सुरुवात एका तारखेपासून करू. 15 नोव्हेंबर. मिशिगनमध्ये या दिवशी बंदुकीने हरणाची शिकार करायचा हंगाम सुरू होतो आणि 30 तारखेला संपतो. हरीण म्हणजे तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण. पाच लाखांहून जास्त लोक परवाने घेतात. उत्तरेकडच्या कित्येक गावांत त्या दिवशी शाळांना सुट्टी असते. भगव्या रंगाची जाकिटं आणि टोप्या घालून माणसं पहाटे अंधारात जंगलात जाऊन बसतात. भगवा रंग कायद्यानेच घालावा लागतो, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला आपण हरीण वाटायला नको.

आणि याच जंगलात दुसरी एक जमात असते, ऑफ-रोड गाड्यावाल्यांची. चार जाड चाकांच्या एटीव्ही, चिखलातून जाणाऱ्या मोटरसायकली, आणि आता शेजारी-शेजारी दोन माणसं बसतील अशा छोट्या जीपसारख्या 'साइड-बाय-साइड'. सरकारी भाषेत या सगळ्यांना मिळून 'ओआरव्ही' म्हणतात. एक माणूस तीन तास श्वास रोखून बसलाय, हरीण आत्ता कुठे झाडीतून डोकं बाहेर काढतंय, आणि तेवढ्यात मागून भर्र करत चार गाड्या येतात. भांडण होणारच.

यावर तिथल्या कायद्याने काढलेली तोड मला फार आवडते. 15 ते 30 नोव्हेंबर या काळात, जिथे लोकांना शिकारीची मुभा आहे अशा भागात, सकाळी सात ते अकरा आणि दुपारी दोन ते पाच या वेळेत ओआरव्ही चालवायची नाही. हरणं जास्त हिंडतात त्या वेळा शिकाऱ्यांना दिल्या, मधले तीन तास गाड्यांना. मारलेलं हरीण उचलून आणायचं असेल, आपल्या मुक्कामावर जायचं-यायचं असेल, कुणाच्या जिवावर बेतलं असेल, तर सूट. बंदी नाही की मोकळं रानही नाही. घड्याळ लावून वाटणी केली. आपल्याकडे पाण्याच्या पाळ्या असतात ना, तसं.

आता मला सांगा, समजा तुम्ही तिथले रहिवासी आहात आणि तुम्हाला वाटतं, की दुपारची वेळ दोनऐवजी तीनपासून असावी. कुणाला सांगाल?

बहुतेक लोक सांगतील, वनखात्याला. डिपार्टमेंट ऑफ नॅचरल रिसोर्सेस, म्हणजे 'डीएनआर'. चूक. ही वेळ विधिमंडळाने केलेल्या कायद्यात लिहिलेली आहे. खात्याच्या संचालकाला ती बदलता येत नाही. तुम्ही खात्याला शंभर पत्रं पाठवा, खातं नम्रपणे "धन्यवाद" म्हणेल.

इथेच आजच्या विषयाची गाठ आहे. लोकांचं म्हणणं ऐकलं जातं की नाही, हा प्रश्न आपण नेहमी एकच प्रश्न असल्यासारखा विचारतो. पण त्याआधीचा प्रश्न असतो, की लेखणी कुणाच्या हातात आहे?

मिशिगनमध्ये ही लेखणी निदान चार हातांत वाटलेली आहे.

शिकारीचा हंगाम कधी, किती प्राणी मारायचे, कुठल्या हत्याराने, हे ठरवतं नॅचरल रिसोर्सेस कमिशन. आपण त्याला आयोग म्हणू. सात सदस्य असतात. गव्हर्नर नेमतो, राज्याच्या सिनेटची संमती लागते, मुदत चार वर्षांची, आणि एका पक्षाचे चारापेक्षा जास्त सदस्य असता कामा नयेत. हे सदस्य पूर्णवेळ अधिकारी नव्हेत.

सरकारी जमिनीवर कुठला मार्ग उघडा, कुठला बंद, हे ठरवतो डीएनआरचा संचालक, स्वतःच्या सहीने. याला 'लँड यूज ऑर्डर' म्हणतात, जमीनवापराचा आदेश. गंमत अशी, की हे आदेशसुद्धा आयोगाच्याच बैठकीत लोकांपुढे मांडले जातात. तीच खोली, तोच माइक, तेच श्रोते. पण एका विषयावर सात जणांची मतं पडतात आणि दुसऱ्यावर एक माणूस सही करतो. नवखा माणूस हमखास गोंधळतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका रस्त्याबद्दलची चर्चा ऐकून सातही सदस्यांचे चेहरे बारकाईने बघत बसलो होतो, की कोण कुठल्या बाजूला झुकतोय. त्यांच्या झुकण्याला त्या विषयात अधिकारच नव्हता. (हशा)

तिसरा हात काऊंटी आणि टाऊनशिपचा, म्हणजे साधारण आपला जिल्हा आणि गाव. गावच्या रस्त्याच्या कडेने ओआरव्ही चालवू द्यायची का, हे ठराव करून त्या ठरवतात. तिथे वेग ताशी 25 मैलांच्या आत. आणि चौथा हात विधिमंडळाचा, ज्याबद्दल आत्ता बोललो.

बरं, इतकी सरकारी जमीन आली कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूडवाल्यांनी मिशिगनची पाइनची जंगलं अक्षरशः भुईसपाट केली. मागे राहिलेल्या फांद्या-पालापाचोळ्याला आगी लागल्या. मग ती जमीन शेतीसाठी विकली, पण रेताड माती, काही पिकेना. लोकांनी कर भरणं सोडून दिलं आणि जमिनी सोडून ते निघून गेले. कर थकलेल्या त्या जमिनी राज्याकडे आल्या. आज राज्याची वनं सुमारे 40 लाख एकर आहेत. म्हणजे जी जमीन कुणालाच नको होती, तीच आज सगळ्यांना हवी आहे.

शिकारी म्हणतात, आमचा हक्क पहिला. त्यालाही कारण आहे. 1937 चा एक केंद्रीय कायदा आहे, पिटमन-रॉबर्टसन. त्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे वळवला. वर परवान्यांची फी. हरणं मोजणारा जीवशास्त्रज्ञ, त्याची गाडी, त्याचा पगार, यात शिकाऱ्याचा पैसा मोठा. ओआरव्हीवाले म्हणतात, आम्हीही गाडीला स्टिकर लावतो आणि त्याचे पैसे भरतो. मग जो नुसता चालायला येतो, पक्षी बघतो, तो काय भरतो? हा टोमणा मी बैठकीच्या बाहेर कॉफी पिताना अनेकदा ऐकला. उत्तर सोपं नाही. कर तर तोही भरतो, आणि जंगलातला प्राणी कायद्याने कुणा एका गटाचा नसतो.

आता प्रक्रिया. ही थोडी रटाळ आहे, पण पाच मिनिटं सहन करा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

शिकारीच्या नियमात बदल करायचा असेल तर खातं एक टिपण तयार करतं: सध्याचा नियम काय, प्रस्ताव काय, जीवशास्त्र काय म्हणतं, लोक काय म्हणतात. हे टिपण आयोगाच्या एका बैठकीत 'माहितीसाठी' येतं. त्या दिवशी निर्णय होत नाही. नंतरच्या बैठकीत ते 'निर्णयासाठी' येतं. मधल्या काळात पत्रं, ई-मेल. बैठक उघडी असते. 1976 चा कायदाच आहे तसा. कुणीही नाव नोंदवून उभं राहावं आणि मोजकी काही मिनिटं बोलावं. तिथे मी एका म्हाताऱ्या गृहस्थांना खिशातून चुरगळलेला कागद काढून बोलताना पाहिलं. हात थरथरत होते. दोनशे मैल गाडी चालवून आले होते. सदस्यांनी शांतपणे ऐकलं, आभार मानले, पुढचं नाव पुकारलं. त्यांना उत्तर दिलं गेलं नाही, कारण त्या वेळेत उत्तर द्यायची पद्धत नाही. ते खाली बसले तेव्हाचा चेहरा मला आठवतो. आपलं ऐकलं की नाही, हेच त्यांना कळलं नव्हतं.

सूचना म्हणजे मत नव्हे. मतदान नव्हे, असं म्हणतोय मी. पाचशे लोकांनी "नको" लिहिलं आणि पन्नास जणांनी "हवं" लिहिलं, म्हणून आयोगाने "नको" म्हणायला हवं, असं कायद्यात कुठेही नाही. 1996 मध्ये मिशिगनच्या मतदारांनीच एक प्रस्ताव मंजूर केला, 'प्रपोझल जी'. शिकारीचे नियम ठरवायचा अधिकार त्याने फक्त आयोगाला दिला आणि अट घातली, की शक्य तितकं शास्त्रशुद्ध व्यवस्थापनाच्या तत्त्वांवर निर्णय घ्यावेत. त्याच मतपत्रिकेवर 'प्रपोझल डी' होता: अस्वलाची शिकार आमिष टाकून आणि कुत्रे सोडून करू नये, असा. मतदारांनी 'डी' फेटाळला आणि 'जी' स्वीकारला. अर्थ असा, की प्राण्यांचे निर्णय गर्दीने घेऊ नयेत, हे गर्दीनेच ठरवलं.

मग सूचनेला वजन कशाने येतं? दोन नमुने सांगतो, माझ्याच मनचे. एक: "आमच्या भागातले रस्ते गाड्यांसाठी उघडू नका, निसर्गाचा नाश होतो." दुसरा: "अमुक रस्ता पुलाच्या उत्तरेला साधारण पाऊण मैलावर ओढ्याला लागतो. तिथे पूल नाही, नळाची मोरीही नाही. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की गाड्या थेट ओढ्यातून जातात. सोबत तीन तारखांचे फोटो आणि नकाशावर खूण." पहिल्या सूचनेतली भावना खरी आहे, पण खात्याचा माणूस तिचं काय करणार? "विरोध" या रकान्यात एक रेघ वाढवेल. दुसरी सूचना मात्र त्याला हलवते, कारण ओढ्यात, दलदलीत ओआरव्ही घालणं कायद्यानेच निषिद्ध आहे. रस्ता उघडा ठेवला आणि ओढा तिथे असला, तर खात्यानेच नियमभंगाला वाट करून दिली असं होईल.

हे उदाहरण मी हवेतून काढलेलं नाही. मिशिगनचे दोन मोठे भाग आहेत. खालचा पंजासारखा, लोअर पेनिन्सुला. मॅकिनॉचा पूल ओलांडला की वरचा, अप्पर पेनिन्सुला, ज्याला तिथले सगळे 'यूपी' म्हणतात. नवीन गेलेल्या मराठी माणसाला पहिले काही दिवस वाटतं, की ऑफिसमधले सगळे सुट्टीत लखनौला चाललेत! (हशा) तर यूपीत जंगलातले रस्ते, बंदीची पाटी नसेल तर ओआरव्हीला उघडे. खालच्या भागात उलटं होतं: उघडा असल्याची पाटी नसेल तर बंद. 2016 साली विधिमंडळाने कायदा करून, तो क्रमांक 288, खात्याला सांगितलं, की राज्याच्या वनांतल्या सगळ्या रस्त्यांची यादी आणि नकाशे करा, आणि खालच्या भागातही नियम फिरवा. बंद ठेवायचा असेल तर कारण द्या.

बघा, पाटी कुठली लावायची एवढाच फरक वाटतो, पण सिद्ध करायचं ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलं. आधी गाडीवाल्याने सांगायचं होतं, की हा रस्ता का उघडा. आता शांतता हवी असलेल्याने सांगायचं, की का बंद. हजारो मैलांचे रस्ते. खात्याकडे तेवढी माणसं कुठली? मग नकाशे लोकांपुढे ठेवले आणि लोकांच्या सूचना मागवल्या. तिथे ज्यांनी ठिकाण, ओढा, मोरी, उतार, चिखल असं लिहिलं, ते उपयोगी पडले. आता हे नकाशे दरवर्षी सुधारतात आणि नवे नकाशे 1 एप्रिलपासून लागू होतात.

मार्गाची रुंदी हीसुद्धा अशीच बाब. जुने ओआरव्ही मार्ग 50 इंचांचे आहेत, एटीव्ही आणि मोटरसायकलींसाठी. साइड-बाय-साइड गाड्या बहुतेक त्याहून रुंद. त्या मालकांना रुंद मार्ग हवेत, 72 इंचांचे. मोटरसायकलवाल्यांना अरुंद, वळणावळणाची वाटच हवी असते. मार्ग रुंद झाला की त्यांची मजा गेली. म्हणजे 'गाडीवाले' हा एक गट नाहीच.

आता एक असं ठिकाण सांगतो, जिथे लोकांच्या म्हणण्याला सगळ्यात जास्त वाव असतो आणि सगळ्यात कमी लोक जातात. राज्याची वनं छोट्या-छोट्या तुकड्यांत वाटलेली आहेत. दरवर्षी साधारण एक-दशांश तुकड्यांची पाहणी होते: झाडं कुठली, तोड कुठे, रस्ता कुठे, प्राण्यांसाठी काय करायचं. आणि हे दोन वर्षं आधी. स्थानिक कार्यालयात टेबलांवर नकाशे पसरून ठेवतात, वनाधिकारी उभे असतात, कुणीही यावं आणि बोट ठेवून बोलावं. भाषण नको, माइक नको. मी गेलो होतो त्या संध्याकाळी आम्ही नऊ जण होतो. त्यातले दोघे बिस्किटांसाठी आले असावेत. दोन वर्षांनी तिथे करवत चालू झाली की दोनशे लोक फोन करतात. तोवर कंत्राट दिलेलं असतं.

काही बाबतींत मात्र मिशिगनमध्ये अक्षरशः मतमोजणी होते. शिकारी संघटना कधीकधी मागणी करतात, की अमुक इतकी टोकं शिंगांना असल्याशिवाय नर मारू नये, म्हणजे लहान नर वाचतील. ही जीवशास्त्राची गरज कमी आणि शिकाऱ्यांच्या आवडीची बाब जास्त. म्हणून तिथे खात्याने पद्धत ठरवली: त्या भागातल्या शिकाऱ्यांतून नमुना निवडून प्रश्नावली पाठवायची, निदान निम्म्यांनी उत्तर द्यायला हवं, आणि उत्तर देणाऱ्यांपैकी 66 टक्क्यांनी हो म्हणायला हवं. साधं बहुमत चालत नाही. यात शहाणपण आहे. जो ओरडतो त्याचं न ऐकता निवडून विचारलं, आणि प्रश्न आवडीचा आहे हे कबूल केलं. पण विचारलं फक्त शिकाऱ्यांना. ज्याच्या शेतात हरणं मका खातात तो शिकारी नसेल, तर तो या मोजणीत नाही.

याउलट आमिषाचा प्रश्न. 2015 च्या मे महिन्यात मिशिगनच्या मोकळ्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला. हरीण खंगत-खंगत मरतं, आणि औषध नाही. मक्याचे, बिटाचे ढीग टाकले की हरणं तोंडाला तोंड लावून खातात, आणि रोग पसरण्याचा धोका वाढतो. जानेवारी 2019 च्या अखेरीपासून संपूर्ण लोअर पेनिन्सुलात हरणांना आमिष टाकायला बंदी आली. विरोध प्रचंड होता. मका विकणारे पेट्रोल पंपवाले, पाय दुखतात म्हणून एका जागी बसून शिकार करणारे वृद्ध, सगळे बोलले. आयोगाने ऐकलं आणि तरी बंदी केली. माझ्या मते बरोबर केलं. ऐकणं म्हणजे मान्य करणं नव्हे, पण का मान्य केलं नाही हे सांगणं मात्र लागतं.

आणि आता लांडगा. या प्रकरणात सगळ्यांनी सगळं करून बघितलं.

मिशिगनच्या यूपीत लांडगा जवळपास नामशेष झाला होता. केंद्रीय संरक्षण मिळालं, आणि 1990 च्या आसपास विस्कॉन्सिनच्या बाजूने लांडगे परत येऊ लागले. 2010 नंतर त्यांची संख्या सहाशेच्या वर गेली. 2012 च्या जानेवारीत केंद्राने संरक्षण काढलं. डिसेंबर 2012 मध्ये विधिमंडळाने कायदा केला, की लांडगा हा 'शिकारीचा प्राणी' आहे. विरोधकांनी सह्या गोळा केल्या, अडीच लाखांवर, ऐन हिवाळ्यात. तिथल्या राज्यघटनेत सोय आहे: पुरेशा सह्या मिळाल्या की कायदा थांबतो आणि सार्वमत होतं.

मग मे 2013 मध्ये विधिमंडळाने दुसरा कायदा केला: कुठला प्राणी शिकारीचा, हे आता आयोगही ठरवू शकेल. आणि आयोगाच्या आदेशावर सार्वमत घेता येत नाही! लेखणी एका हातातून काढून दुसऱ्या हातात दिली, जिथे सह्या पोचत नाहीत. आयोगाने शिकारीला मान्यता दिली. 43 लांडग्यांची मर्यादा होती. 2013 च्या हंगामात साधारण त्याच्या निम्मेच मारले गेले.

याच काळात आयोगाकडे हजारो ई-मेल आले. बरेच राज्याबाहेरून, बरेच एकाच साच्यातले. त्यातले काही हजार न वाचताच काढून टाकले गेले, हे वृत्तपत्राच्या तपासात बाहेर आलं. दुसऱ्या बाजूलाही तेच. लांडगे एका पाळणाघराच्या अंगणात आले होते, मुलं थोडक्यात वाचली, असं विधिमंडळाच्या एका ठरावात लिहिलं होतं. ते तसं घडलंच नव्हतं, आणि ठराव मांडणाऱ्या सिनेटरला नंतर सभागृहात माफी मागावी लागली. म्हणजे लोकांचं खरं म्हणणं कचऱ्यात आणि खोटी गोष्ट ठरावात.

विरोधकांनी पुन्हा सह्या गोळा केल्या, दुसऱ्या कायद्याविरुद्ध. मग शिकारीच्या बाजूच्यांनीही सह्या गोळा केल्या, आपला कायदा मांडायला. ऑगस्ट 2014 मध्ये विधिमंडळाने तो थेट मंजूर केला. त्यात एशियन कार्प माशांशी लढायला दहा लाख डॉलरची तरतूद जोडलेली होती. का? कारण खर्चाची तरतूद असलेल्या कायद्यावर तिथे सार्वमत घेता येत नाही.

नोव्हेंबर 2014 मध्ये मतदान झालंच, मतपत्रिकेवरून विषय काढता येत नव्हता म्हणून. पहिला कायदा 55 टक्क्यांनी नाकारला, दुसरा 64 टक्क्यांनी. आणि परिणाम? शून्य. तिसरा कायदा आधीच झालेला होता. पुढच्याच महिन्यात केंद्रीय न्यायालयाने लांडग्याला पुन्हा संरक्षण दिलं, त्यामुळे शिकार थांबली, पण ती मतदारांमुळे नव्हे. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने तिसरा कायदाही रद्द केला, एकाच कायद्यात असंबद्ध गोष्टी कोंबल्या म्हणून. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जवळपास तोच पुन्हा केला. 2021 च्या सुरुवातीला केंद्राचं संरक्षण गेलं, 2022 च्या फेब्रुवारीत न्यायालयाने परत दिलं.

माझं मत विचाराल तर लांडग्याची मर्यादित शिकार हा काही भयंकर प्रस्ताव नव्हता. सहाशेतले चाळीस, यावर शास्त्रज्ञांतही मतभेद होते. यूपीतला शेतकरी आपलं वासरू गमावतो, आणि तिथली वस्ती इतकी थोडी, की डेट्रॉइटच्या मतांपुढे तिचा आवाज बुडतो, ही त्यांची तक्रारही खोटी नाही. पण दोनदा सह्या केलेल्या माणसाला तुम्ही काय शिकवलंत? पुढच्या वेळी डीएनआरने नकाशे पसरले आणि म्हटलं, "या, सूचना द्या", तर तो येईल का?

आणखी एक आवाज राहिला. अनिशिनाबे लोकांच्या जमाती. 1836 आणि 1842 च्या करारांनी त्यांनी जमीन दिली, पण तिथे शिकार आणि मासेमारी करायचा हक्क राखून ठेवला. लांडगा, त्यांच्या भाषेत 'माइंगन', त्यांच्या मूळ कथेत माणसाचा भाऊ आहे. त्यांनी लांडग्याच्या शिकारीला विरोध केला. पण त्यांचं म्हणणं 'जनतेची सूचना' या रकान्यात बसत नाही, कारण त्या जमाती स्वतः सरकारं आहेत. 2007 मध्ये पाच जमाती आणि राज्य यांच्यात न्यायालयासमोर समझोता झाला, जमिनीवरच्या शिकार-मासेमारीच्या हक्कांबद्दल. त्यांच्याशी बोलायचं ते सरकारने सरकारशी बोलावं तसं. तीन मिनिटं माइकवर उभं करून नव्हे.

वेळ झाली. प्रश्न घेऊ या.

प्रश्न : साच्यातले ई-मेल काढून टाकले तर बिघडलं कुठे? हजार जणांनी एकच मजकूर पाठवला तर तो एकच मुद्दा झाला ना?

मुद्दा एकच, हे बरोबर. पण माणसं हजार. टिपणात दोन्ही लिहिता येतं: "या मुद्द्यावर इतकी पत्रं आली, पैकी इतकी राज्याबाहेरून." एका ओळीचं काम आहे. न वाचता काढलं, की त्यातच एखादं ओढ्याच्या फोटोचं पत्र असेल तेही जातं. आणि कुणी काय पाठवलं, याचा सार्वजनिक दस्तऐवज राहत नाही, हे जास्त वाईट.

प्रश्न : आपल्याकडे मसुद्यावर सूचना पाठवायची तर पहिली गोष्ट काय करावी?

मसुद्याच्या वरच्या बाजूला कुठल्या कायद्याचं कलम लिहिलंय ते बघा. त्या कलमाखाली अधिकार कुणाला आहे, ते शोधा. बऱ्याचदा आपण राग जिल्हाधिकाऱ्यावर काढतो आणि अधिकार दिल्लीत असतो. मग आपल्या गावाचं नाव यादीत आहे का, सर्वे नंबर बरोबर आहे का, हे तपासा. पश्चिम घाटाच्या बाबतीत गावांच्या याद्याच मसुद्याला जोडलेल्या होत्या. कितीजणांनी त्या उघडल्या?

प्रश्न : त्या दोनशे मैल गाडी चालवून आलेल्या गृहस्थांचं पुढे काय झालं?

मला माहीत नाही. ते बोलले होते एका उतारावरच्या गेटबद्दल. वरच्या पार्किंगपासून पायी जाणं त्यांना जमत नव्हतं, गेट थोडं पुढे घ्या एवढंच म्हणणं होतं. त्या दिवशीच्या विषयपत्रिकेवर ते नव्हतं. खरं म्हणजे आयोगाच्या अखत्यारीतही ते नव्हतं. त्यांच्या घरापासून चाळीस मिनिटांवर खात्याचं स्थानिक कार्यालय होतं, तिथे नकाशावर बोट ठेवायचं होतं. मी चहाच्या सुट्टीत त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलं, मोठ्या लोकांना सांगावं."